चॅम्पियनशिप कोर्स नेमका कुणाला कठीण जातो?

ठाण्याहून, घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गोल्फरांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका मोठा तितका खेळ कच्चा) १८. रविवारी सकाळी खारघरला खेळतात. पत्नीही खेळतात, त्यांचा इंडेक्स ३२. थंडीत मित्रांबरोबर गुरुग्रामच्या गॅरी प्लेअर कोर्सवर जायचा बेत आहे. ते विचारतात: "टीव्हीवर जगातले उत्तम खेळाडू अशा कोर्सवर पारसाठी झगडताना दिसतात. मग आमच्यासारख्यांचं काय होईल? कोर्सचा कठीणपणा सगळ्यांना सारखाच लागतो का? आणि एवढं लांब जातोच आहोत, तर अनुभव म्हणून एकदा मागच्या टीवरून खेळावं का?"

टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, पार म्हणजे होलसाठी किंवा कोर्ससाठी ठरवलेले फटके. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मागच्या टीवरून खेळू नका. बेत आखण्याआधी एवढं ठरवलंत तरी अर्धं काम झालं. कारण समजून घ्यायला मात्र थोडा वेळ काढावा लागेल, कारण कठीणपणा सगळ्यांना सारखा लागत नाही. नवी मुंबईत बरीच वर्षं गोल्फ शिकवताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे. व्यावसायिकाला ज्या गोष्टीची धास्ती असते, तिथपर्यंत हौशी खेळाडू बहुतेक वेळा पोचतच नाही. आणि हौशी खेळाडूचं कार्ड जिथे फाटतं, तिथे व्यावसायिक विचारही न करता शॉट मारून पुढे जातो.

हा फरक स्कोअरकार्डवर छापलेला असतो, पण फार थोडे लोक तो वाचतात. प्रत्येक टीसमोर दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूने त्या टीवरून चांगल्या दिवशी किती फटके घ्यावेत याचा अंदाज. स्लोप वेगळं सांगतो. त्याच टीवरून बोगी खेळाडूला, म्हणजे साधारण २० हँडिकॅपच्या पुरुष खेळाडूला, स्क्रॅचच्या तुलनेत किती जास्त त्रास होईल, ते त्यातून कळतं. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानतात. पुरुषांसाठी हिशोब असा: बोगी रेटिंगमधून, म्हणजे बोगी खेळाडूसाठीच्या तशाच अंदाजातून, कोर्स रेटिंग वजा करायचं आणि ५.३८१ ने गुणायचं.

समजा दोन कोर्स आहेत आणि दोन्हींचं रेटिंग ७४ आहे. एकाचा स्लोप १२५, दुसऱ्याचा १४५. स्क्रॅच खेळाडूला दोन्ही सारखेच कठीण. बोगी खेळाडूचा अपेक्षित स्कोअर मात्र पहिल्यावर ९७ च्या आसपास आणि दुसऱ्यावर १०१ च्या आसपास येतो. चांगल्या खेळाडूला जो फरक जाणवतही नाही, तो तुमच्या खिशातून चार फटके काढून घेतो. म्हणून कोर्स निवडताना किती यार्डांचा आहे एवढंच पाहू नका, स्लोप पाहा.

आता तुमच्या इंडेक्सचा हिशोब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. मागच्या टीचं रेटिंग ७५, स्लोप १४५, पार ७२. कोर्स हँडिकॅप काढताना इंडेक्सला स्लोपने गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात रेटिंग वजा पार मिळवायचं. १८ गुणिले १४५ भागिले ११३ म्हणजे २३.१, अधिक ३, म्हणजे २६. पुढच्या एखाद्या टीचं रेटिंग ६९.५ आणि स्लोप १२५ असेल, तर हाच हिशोब १७ वर येतो. खेळाडू तोच, कोर्स तोच, टी बदलल्यावर ९ फटक्यांचा फरक. आणि इंडेक्स शेवटच्या २० राउंडपैकी उत्तम ८ राउंडवरून ठरतो. म्हणजे ७२ अधिक २६, ९८, हा तुमच्या चांगल्या दिवसाचा स्कोअर झाला, रोजचा नव्हे. अनोळखी कोर्स, दाट रफ (कडेचं वाढलेलं गवत) आणि वेगवान ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) धरले, तर मागच्या टीवरून ११० च्या पुढे जायची पूर्ण शक्यता आहे.

मग टीव्हीवर दिसणारे खेळाडू कशाशी झगडत असतात? स्पर्धेच्या आठवड्यात कोर्स मुद्दाम कसला जातो. टी मागे नेतात, फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेला पट्टा) अरुंद करतात, रफ वाढवतात, ग्रीनला पाणी कमी देऊन ते कडक आणि वेगवान करतात, आणि होल ग्रीनच्या कडेपासून काही पावलांवर कापतात. यूएस ओपन यासाठी प्रसिद्ध आहे. विंग्ड फूटला १९७४ साली हेल आयर्विन ७ ओव्हर पारवर, म्हणजे पारपेक्षा ७ फटके जास्त घेऊन, जिंकला. त्याच कोर्सवर २००६ साली जेफ ओगिल्व्हीला ५ ओव्हर पुरले. २०२५ साली ओकमाँटला जे. जे. स्पॉन १ अंडरवर (पारपेक्षा १ फटका कमी) जिंकला आणि सगळ्या खेळाडूंमध्ये पारच्या खाली तो एकटाच होता. २०१८ साली शिनेकॉकला ग्रीन इतके निसटते झाले होते की शनिवारी फिल मिकलसनने होलपलीकडे उताराला लागलेला चेंडू चालू असतानाच मारला आणि दोन फटक्यांचा दंड घेतला. ब्रूक्स केप्का तिथे १ ओव्हरवर जिंकला.

या सगळ्या उदाहरणांत व्यावसायिकाला अडवलं ते मुख्यतः ग्रीननं आणि कोनानं. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. एक ॲल्युमिनियमची खाच असलेली पट्टी उचलत न्यायची, ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो, आणि तो सपाट जागेवर किती फूट घरंगळतो ते पाहायचं. १९३५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटचे ग्रीन पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे रोजच्या खेळाला ८-९ फुटांचा ग्रीन चालून जातो. मोठ्या स्पर्धेत १२-१३ फूट असतो. वेग वाढला की त्याच उतारावर चेंडू जास्त वळतो आणि होल चुकला की जास्त दूर जातो. पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेतले, खेळाडू ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) होलमध्ये टाकतात. तेव्हा अशा ग्रीनवर होलच्या वरच्या बाजूला चेंडू राहणं ही त्यांच्यासाठी खरी शिक्षा असते. म्हणून ते टीवर उभे असतानाच, दुसरा शॉट कोणत्या बाजूने यायला हवा याचा विचार करतात. हा विचार तुमच्या कामाचा तेव्हा होईल, जेव्हा दुसरा शॉट ग्रीनपर्यंत पोचेल.

बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचं, उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून देतो, कारण त्यात हा सगळा विषय सामावला आहे. ग्रीनजवळ दाट रफ आणि बंकर यांत निवड करायची वेळ आली, तर बरेच व्यावसायिक बंकर पत्करतात. वाळूत चेंडू कसा बसला आहे ते दिसतं, फिरकी देता येते, आणि ग्रीनवर चेंडू थांबवता येतो. टूरवर निम्म्याच्या आसपास वेळा बंकरमधून दोन फटक्यांत होल होतो. १८ इंडेक्सच्या खेळाडूला त्याच बंकरमधून कधी कधी बाहेर यायलाच दोन फटके लागतात. गॅरी प्लेअर कोर्सचे बंकर खोल आहेत आणि त्यांच्या भिंती उभ्या आहेत. डिझायनर गॅरी प्लेअर स्वतः बंकरमधून खेळण्यात जगात नावाजलेला होता, हेही लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट उंचीची. टूरवरचा सरासरी खेळाडू सात नंबरच्या लोखंडी क्लबने १७० यार्डांहून थोडं जास्त हवेतून नेतो आणि चेंडू साधारण ५० अंशांच्या कोनात उतरतो. समोर बंकर असो की तळं, ग्रीन कडक असो की मऊ, चेंडू थांबतो. तुम्हाला तेवढ्याच अंतराला हायब्रिड किंवा पाच नंबरचा वुड, असा लांब अंतराचा क्लब लागेल. तो कमी उंचीवरून, आडवा येतो आणि पडल्यावर पळतो. समोर जमीन मोकळी असेल, तर पळणारा चेंडू ग्रीनवर चढतो. समोर पाणी असेल, तर तुमच्यासाठी तो रस्ताच बंद. हौशी खेळाडूला सगळ्यात जास्त मारणारी गोष्ट हीच, हवेतून पार करावंच लागणारं अंतर. कोर्स रेटिंग करणारे पथक लांबीशिवाय अडथळ्यांचे १० घटक तपासतं, त्यांत आडव्या येणाऱ्या अडथळ्यांचा वेगळा घटक असतो, तो याचसाठी.

लोकांना पटत नाही अशी एक गोष्ट सांगतो. जास्त अंडर पार स्कोअर म्हणजे सोपा कोर्स, असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली आणि टॉमी फ्लीटवुड २२ अंडरवर जिंकला. आकडा पाहून कोर्स हलका वाटेल. पण तिथे फेअरवेच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आहेत, चेंडू आत गेला की सापडला तरी खेळता येत नाही. रोरी मॅकिलरॉयने तर तिथे ड्रायव्हर मारायचाच नाही असं ठरवलं. यामागे साधी भूमिती आहे. चेंडू ४ अंश वाकडा गेला, तर २०० यार्डांवर तो रेषेपासून १४ यार्ड दूर असतो आणि २८० यार्डांवर जवळजवळ २० यार्ड. लांब मारणाऱ्याला अरुंद फेअरवे जास्त महाग पडतो, म्हणून तो लोखंडी क्लब काढतो. त्याचा तीन नंबरचा लोखंडी शॉटही तुमच्या ड्रायव्हरपेक्षा लांब जातो, त्यामुळे माघार घेऊनही त्याचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे ती मुभा नाही. म्हणून दिल्लीचा कोर्स व्यावसायिकाने २२ अंडर मारला, तरी तुमचे डझनभर चेंडू तो सहज गिळू शकतो.

गुरुग्रामचं उलट आहे. मागून ७,३०० यार्डांहून लांब, ग्रीन मोठे पण पायऱ्या-पायऱ्यांचे. इंडियन ओपन २०१७ साली तिथे गेली तेव्हा सगळे म्हणत होते, हा लांब मारणाऱ्यांचा कोर्स. जिंकला कोण, तर एसएसपी चौरसिया, १० अंडरवर, सात फटक्यांच्या फरकाने. रॉयल कलकत्त्याच्या ग्रीनकीपरचा मुलगा, तिथेच चेंडू मारत मोठा झालेला, लांबीसाठी कधीच न ओळखला गेलेला. त्याच्या चिपिंग-पटिंगला तोड नव्हती आणि कुठे चुकायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट ऐकून हौशी खेळाडू म्हणतात, मग आपणही शॉर्ट गेमवरच, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांवरच, भर देऊ. इथे थांबा. चौरसिया टूरच्या मानाने आखूड होता, तुमच्या मानाने नव्हे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो शॉट्सचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांबाहेरच्या शॉट्समुळे पडतो. पटिंगचा सराव करा, पण कार्ड सुधारतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या शॉटने.

आता तुमच्या पत्नीबद्दल, कारण या चर्चेत त्यांना नेहमी शेवटी जागा मिळते आणि खरं तर कोर्स सगळ्यात कठीण त्यांनाच असतो. रेटिंगच्या पद्धतीत बोगी पुरुष खेळाडूचा ड्राइव्ह २०० यार्ड आणि दोन शॉटमध्ये ३७० यार्ड धरतात. बोगी महिला खेळाडूचा ड्राइव्ह १५० यार्ड, दोन शॉटमध्ये २८०. म्हणजे पुढच्या टीवरून ३३० यार्डांचा पार फोर (चार फटक्यांत संपवायचा होल) असेल, तर दोन उत्तम शॉट मारूनही त्या ग्रीनपासून ५० यार्ड दूर असतात. तुमच्यासाठी हेच प्रमाण ठेवायचं, तर तो होल ४२० यार्डांच्याही पुढचा होईल. एकही शॉट न चुकवता तुम्हाला प्रत्येक होलवर असं खेळायला लावलं, तर किती राउंड खेळाल?

अमेरिकेत २०११ साली यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) आणि पीजीए ऑफ अमेरिका (तिथल्या व्यावसायिक प्रशिक्षकांची संघटना) यांनी मिळून पुढच्या टीवरून खेळा अशी मोहीम काढली. त्यांच्या तक्त्यानुसार २०० यार्ड ड्राइव्ह असणाऱ्याने ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळावा, १५० यार्ड असणाऱ्याने ३,५०० ते ३,७०० चा. आपल्याकडे पुढच्या टीची लांबी बहुतेक ठिकाणी याहून बरीच जास्त असते. तेव्हा गुरुग्रामला गेल्यावर सगळ्यात पुढची टी त्यांना लांब वाटली, तर फेअरवेच्या सुरुवातीला चेंडू ठेवून खेळू द्या. हँडिकॅपसाठी तो राउंड धरता येणार नाही, पण त्या चार तासांत त्यांना गोल्फ खेळायला मिळेल. महिलांसाठी रेटिंग आणि स्लोप वेगळे काढलेले असतात, कार्डावर तेच आकडे पाहा. तुमच्या टीच्या आकड्यांवरून त्यांचा हँडिकॅप काढू नका. हे आपल्याकडे सर्रास होतं.

खारघरला खेळणाऱ्यांना आणखी एक सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावरून पाणी उतरतं, फेअरवे भिजलेला असतो आणि चेंडू पडतो तिथेच रुततो. एरवी १८० यार्ड हवेत आणि २० यार्ड घरंगळून २०० होणारा तुमचा ड्राइव्ह १८० वरच थांबतो. रेटिंग खेळाच्या नेहमीच्या हंगामाच्या परिस्थितीवर ठरवलेलं असतं, भर पावसातल्या रविवारी कोर्स कार्डापेक्षा बराच लांब होतो. तेव्हा पावसाळ्यात स्कोअर बिघडला म्हणून स्विंग बदलू नका. उलट हाच काळ कामी आणा. ओल्या गवतावर चेंडूच्या आधी जमिनीला क्लब लागला की लगेच कळतं. ड्रायव्हिंग रेंजच्या चटईवर ते कळत नाही, क्लब घसरून चेंडूला लागतो आणि शॉट बरा गेल्यासारखा वाटतो. मी तर म्हणेन, डिसेंबरच्या गुरुग्रामची तयारी ऑगस्टच्या खारघरला होते.

प्रत्यक्ष खेळताना काय करायचं ते आता. टी अशी निवडा की बहुतेक पार फोरना तुमचा दुसरा शॉट मधल्या लोखंडी क्लबने ग्रीनच्या आसपास जाईल. झेंडा विसरा आणि प्रत्येक वेळी ग्रीनच्या मध्यावर मारा. स्पर्धेच्या कोर्सवर झेंडा ज्या बाजूला असतो, तिथेच खड्डा असतो. कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) म्हणाला "साहेब, सहा नंबर घ्या" तर पाच घ्या, कारण तो नीट लागलेल्या शॉटचं अंतर सांगतो आणि तुमचे दहापैकी सात शॉट पूर्ण लागत नाहीत. खोल बंकरमध्ये भिंतीला चिकटून चेंडू असेल, तर मागे किंवा बाजूला बाहेर काढा. इथे अहंकाराचे सगळ्यात जास्त फटके जातात. ग्रीनवर पोचलात की पहिला पट होलच्या खालच्या बाजूला थांबेल एवढंच पाहा. पायऱ्यांच्या ग्रीनवर तीन पट होणारच आहेत, चार होऊ नयेत.

नियमांचा आधार घ्यायला संकोच करू नका. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, त्यानंतर तो हरवलेला. क्लबने तसा स्थानिक नियम लागू केला असेल, तर टीवर परत जाण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड घेऊन, चेंडू हरवला त्या अंतरावर फेअरवेच्या कडेला ड्रॉप घेता येतो. २०१९ पासून ही सोय आहे, सर्वोच्च स्पर्धांसाठी नाही, आपल्यासाठीच आहे. पहिल्या टीवर जाण्याआधी स्टार्टरला (खेळ सुरू करून देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारून घ्या. आणि हँडिकॅपसाठी एका होलवर धरला जाणारा सर्वाधिक स्कोअर म्हणजे पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके. तेवढे झाले की मित्रांमधल्या खेळात चेंडू उचला. मागचा ग्रुप दुआ देईल. स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणारी पद्धत, खेळलात तर सगळ्यात उत्तम, एका वाईट होलने दिवस बुडत नाही.

एक मत मांडतो, वादाचं असलं तरी. आपल्या भागात नवा प्रकल्प आला की जाहिरातीत 'चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स' हे शब्द येतात आणि त्याचा अर्थ ७,००० यार्ड आणि भरपूर पाणी असा घेतला जातो. मला हे चुकीचं वाटतं. ऑगस्टा नॅशनल घडवताना बॉबी जोन्स आणि ॲलिस्टर मॅकेंझी यांनी सामान्य खेळाडूला रुंद फेअरवे दिले, रफ जवळजवळ ठेवलाच नाही, आणि कस लावला तो ग्रीनच्या उतारांतून. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर १८ इंडेक्सचा माणूस जमिनीवरून चेंडू पळवत जवळजवळ प्रत्येक ग्रीनवर जाऊ शकतो, आणि तिथेच जगज्जेत्यांनाही सतरावा होल रडवतो. नवी मुंबईत जागा मोलाची आहे, खेळणारे बहुतेक नवीन आहेत, चार महिने पाऊस आहे. इथे ग्रीनसमोर पाणी घालणं म्हणजे नव्या माणसाला दारातच अडवणं. ग्रीनला उतार द्या, समोरची जमीन मोकळी ठेवा, पुढच्या टी खरोखर पुढे बांधा. चांगल्या खेळाडूला तो कोर्स पुरेसा कठीण जाईल आणि तुमच्या पत्नीलाही पार मारता येईल.

मागच्या टीचा मोह तरी सुटत नसेल, तर एक करा. राउंड पुढूनच खेळा. एखाद्या पार थ्रीवर मागे कुणी नसेल, तर आपला होल संपवून मागच्या टीवर जा, तिथून फक्त नजर टाका आणि कॅडीला विचारा, स्पर्धेत इथून कोणता क्लब मारतात. बुकिंग करतानाच सगळ्या टींचे रेटिंग आणि स्लोप मागवून घ्या, पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही. ते आकडे आणि दोघांचे इंडेक्स मला पाठवलेत, तर कुणी कोणत्या टीवरून खेळायचं ते सांगतो.